म्हातारें कुत्रें कोणाचें?

आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरांत कुत्र्यानें प्रवेश केला, याला आतां बराच काळ लोटला. पूर्वीं तें अंगणांत असे, ओसरीच्या पायरीपर्यंत येई, आणि उरलेली भाकरी खाऊन रात्रीं घराची राखण करी. आतां तें दिवाणखान्यांत आलें आहे. त्याला नांव आहे, त्याचा वाढदिवस होतो, आणि आजीबाईंच्या औषधापेक्षां त्याच्या खाण्याची चर्चा अधिक होते, असेंहि एखाद्या घरीं दिसतें. या स्थित्यंतराबद्दल नाक मुरडण्याचें मला कारण दिसत नाहीं. मुक्या प्राण्याविषयीं ममता वाढली, तर त्यानें समाजाचें कांहीं बिघडत नाहीं. माझी तक्रार निराळी आहे. ही ममता ज्याच्या वाट्याला येते, तें बहुधा दीड-दोन महिन्यांचें पिल्लू असतें, बहुधा विकत घेतलेलें असतें, आणि बहुधा एखाद्या विलायती जातीचें असतें. प्राण्यांच्या निवारागृहांत, ज्याला शहरांत सर्रास शेल्टर म्हणतात तेथें, आठ-दहा वर्षांचें जें कुत्रें कोपऱ्यांत बसलेलें असतें, त्याच्याकडे पाहून आपण हळहळतों आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळतों.

या लेखांत मला एवढेंच प्रतिपादावयाचें आहे कीं, ज्या कुटुंबाला कुत्रें पाळावयाचें आहे आणि पाळण्याची ज्याची ऐपत आहे, त्यानें पहिला विचार या म्हाताऱ्या कुत्र्याचा करावा. तो न करण्याकरितां आपण जीं कारणें पुढें करतों, तीं विचाराच्या कसोटीला उतरत नाहींत. आणि त्या कारणांच्या मुळाशीं प्रेमाविषयींची जी कल्पना आहे, ती सुशिक्षितपणाला शोभणारी नाहीं.

विषय प्रसंगाला सोडून आहे असें कोणीं म्हणूं नये. इ. स. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली व तिच्या आसपासच्या शहरांतील मोकाट कुत्रीं पकडून निवारागृहांत ठेवण्याचा हुकूम दिला. अकरा दिवसांनीं, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठानें त्यांत बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रें जेथून उचललें तेथेंच परत सोडावें, मात्र पिसाळलेलें किंवा आक्रमक कुत्रें सोडूं नये, असें त्या पीठानें ठरविलें. आणि ज्यांना कुत्रें दत्तक घ्यावयाचें आहे त्यांनीं स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, असेंहि सांगितलें. पुढें ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं शाळा-महाविद्यालयें, रुग्णालयें, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें यांच्या आवारांतील कुत्रीं हलवून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश निघाला. या काळांत आपल्या वर्तमानपत्रांतून आणि चहाच्या टेबलांवरून जें रण माजलें, त्यांत दोनच पक्ष दिसले. एकाला सगळीं कुत्रीं दृष्टीआड हवीं होतीं, दुसऱ्याला तीं सगळीं जागच्या जागीं हवीं होतीं. दत्तकाचें वाक्य दोघांनींहि वाचलें आणि सोडून दिलें. निवारागृहांत गेलेलें कुत्रें तेथें किती वर्षें राहणार, आणि तेथें म्हातारें झाल्यावर त्याचें काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या भांडणांत कोठेंच आला नाहीं.

वास्तविक हिशेब साधा आहे. २०१९ सालच्या पशुगणनेप्रमाणें देशांत सुमारें १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्रीं होतीं, व त्यांपैकीं पावणेतेरा लाखांच्या आसपास आपल्या महाराष्ट्रांत होतीं. इतक्या जिवांना पुरतील एवढीं निवारागृहें कोणतेंहि सरकार बांधूं शकणार नाहीं. तेव्हां जीं थोडीं आहेत, त्यांतील प्रत्येक जागेला मोल आहे. पिल्लूं आलें तर तें कोणी तरी नेतो. मोठें कुत्रें राहतें. राहतां राहतां म्हातारें होतें. आणि म्हातारें झालें म्हणून त्याला कोणीच नेत नाहीं. एक म्हातारें कुत्रें घरीं नेणारा मनुष्य त्याच दिवशीं रस्त्यावर मोटारीखालीं सांपडलेल्या दुसऱ्या जिवाला जागा करून देतो. पिल्लूं नेणाऱ्यानेंहि जागा मोकळी होते, हें खरें. पण त्या पिल्लाला त्याच्यावांचून दुसरा कोणी तरी मिळालाच असता.

आपल्या लोकांना निवारागृहाची कल्पना परकी वाटते, हेंहि बरोबर नाहीं. या बाबतींत मुंबईचा इतिहास लक्षांत ठेवण्यासारखा आहे. उन्हाळ्यांत मोकाट कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम होता, आणि मारलेल्या कुत्र्यामागें शिपायाला आठ आणे मिळत. ६ जून १८३२ रोजीं त्यावरून मुंबईच्या कोटांत दंगा उसळला. पारशी लोकांत कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. पारशांनीं त्यांत पुढाकार घेतला आणि इतर समाजहि त्यांच्याबरोबर उभे राहिले. दोन वर्षांनीं, १८३४ मध्यें, सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ निघाली. १८७४ मध्यें प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था मुंबईंत स्थापन झाली, आणि तिच्यामागोमाग परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. म्हणजे ज्या काळांत माणसांकरितांहि पुरेसे दवाखाने नव्हते, त्या काळांत आपल्या एका शहरानें कुत्र्यांच्या प्राणांकरितां सरकारशीं भांडण केलें आणि भांडून स्वस्थ न बसतां पदरचे पैसेहि घातले.

या पुण्याईला माझा मनःपूर्वक नमस्कार आहे. पण पांजरपोळीनें आपल्याला एक वाईट संवयहि लावली, असें मला वाटतें. देणगी दिली, पावती घेतली, जनावर भिंतीपलीकडे गेलें, कीं आपलें कर्तव्य संपलें! पांजरपोळ ही अगतिकाची शेवटची जागा म्हणून निर्माण झाली. आपण तिला आपल्या मनाची सोय करून टाकली. घरांतील नकोशी वस्तु माळ्यावर टाकावी, तसा नकोसा जीव संस्थेंत टाकावा, आणि वर्षाकाठीं कांहीं रुपये पाठवून दयाळू म्हणवून घ्यावें, ही वृत्ति जुन्या व्यापाऱ्यांत होती. आतां ती पगारदारांत आली आहे.

ज्याला निदान संस्थेंत पोंचवितात, तें कुत्रें दैवाचें म्हणावयाचें. पुष्कळांना तेवढेंहि लाभत नाहीं. बीड तालुक्यांत नारायणगड आहे. संत नगद नारायण महाराजांचें हें स्थान. भाविक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. अशा क्षेत्रांना पंगती उठतात, अन्नाला तोटा नसतो. आणि म्हणूनच जेथें जेथें अन्नदान आहे, तेथें तेथें नकोशीं जनावरें आणून सोडण्याचा मोह लोकांना होतो. ‘देवाच्या दारीं सोडलें, उष्टेंमाष्टें खाऊन जगेल’, असें म्हणून माणसें हात झटकतात. अंगावर फोड आलेलें, एके काळीं गळ्यांत पट्टा असलेलें कुत्रें देवळाच्या पायरीवर वा महामार्गावरच्या धाब्यापुढें दिसलें, तर तें तेथें आपल्या पायानें आलें असेल असें समजण्याचें कारण नाहीं. कायद्यानें हा गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी-क्रूरता-प्रतिबंधक कायद्याप्रमाणें जनावर उपासमारींत सांपडेल अशा रीतीनें त्याला सोडून देणें शिक्षेस पात्र ठरविलें आहे. शिक्षा किती? त्या कायद्यानें पहिल्या गुन्ह्याला ठरविला तो दंड, कमीत कमी १० रुपये व जास्तींत जास्त ५० रुपये! एवढ्या पैशांत आज दोन माणसांचा धड नाश्ताहि होत नाहीं. दहा वर्षें दारांत बसून ज्यानें आपली वाट पाहिली, त्याला टाकण्याची ही किंमत आहे.

याच गडांवर आणि गांवोगांवच्या सप्ताहांत नामदेवरायांची ती गोष्ट कीर्तनकार रंगवून सांगतात. कुत्र्यानें भाकरी पळविली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले, कीं देवा, कोरडी खाऊं नकोस. श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येतें. पण या गोष्टींतला मुद्दा भाकरीचा नाहीं, तुपाचा आहे. भाकरी तर कुत्र्यानें घेतलीच होती. उरलेलें अन्न कुत्र्याला मिळणें हें कोणाच्या भक्तीवांचूनहि घडतें. आपल्या वाटणीचें तूप घेऊन आपण त्याच्यामागें जाणें, हें मात्र मनांत आल्यावांचून घडत नाहीं. उष्ट्यावर सोडणें आणि घरांत घेणें यांतला भेद तो हाच.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप सर्वांत हळवा असतो, आणि म्हणूनच सर्वांत फसवा. ‘तें लवकर मरेल हो! मुलांना दुःख होईल.’ मी म्हणतों, पिल्लूं काय अमरपट्टा घेऊन येतें? मध्यम आकाराचें कुत्रें दहा ते तेरा वर्षें जगतें. सहा वर्षांच्या मुलाला पिल्लूं आणून दिलें, तर तें त्याच्या ऐन महाविद्यालयीन वयांत मरणार, आणि त्या वेळीं तो बहुधा परगांवीं असणार. दुःख टळत नाहीं, पुढें ढकललें जातें एवढेंच. शिवाय मुलांना दुःखापासून सर्वस्वीं दूर ठेवणें हें शिक्षण आहे काय? वार्धक्य आणि मरण ज्या घरांत कधीं दिसलेंच नाहीं, त्या घरांतील मुलें पुढें आपल्या आईबापांच्या वार्धक्याशीं कशीं वागतील, याचा विचार आपण करावयास हवा. डोळ्यांत सारा आलेल्या कुत्र्याला हात लावून दार दाखविणारी मुलगी जें शिकते, तें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, मोठें कुत्रें नवीन घराला लळा लावीत नाहीं. हा अनुभवाच्या विरुद्ध आहे. कुत्रें हें संगतीवर जगणारें जनावर आहे. संगत तुटली कीं तें खंगतें, मिळाली कीं हळूहळू सांवरतें. पहिले आठ-पंधरा दिवस तें पलंगाखालीं बसेल, खाणार नाहीं, रात्रीं उठून दाराशीं जाईल. त्याला वेळ द्यावा लागतो. उलट पिल्लाचा त्रास कोणी मोजीत नाहीं: चपला कुरतडणें, रात्रभर रडणें, गादीवर मुतणें, लसींच्या खेपा. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव काय आहे, तें आधींच दिसतें. त्याला मुलें चालतात कीं नाहीं, मांजर चालतें कीं नाहीं, हें निवारागृहांतील माणसें सांगूं शकतात. पिल्लूं पुढें कसें निघेल, हें ब्रह्मदेवहि सांगूं शकत नाहीं.

येथें वयासंबंधींचा एक गैरसमज दूर करतों. कुत्र्याचें एक वर्ष म्हणजे माणसाचीं सात, हा हिशेब सर्वतोमुखी झाला आहे, पण तो चुकीचा आहे. २०२० मध्यें कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या रक्तांतील जनुकद्रव्यावरील खुणा तपासून असें दाखविलें कीं, कुत्रें पहिल्या एक-दोन वर्षांत फार झपाट्यानें वय गांठतें, व पुढें त्याचा वेग मंदावतो. त्यांच्या सूत्राप्रमाणें एक वर्षाचें कुत्रें माणसाच्या तिशीला पोंचतें, आणि आठ वर्षांचें साठीच्या थोडें पुढें असतें. म्हणजे ज्याला आपण म्हातारें म्हणून नाकारतों, तें पुष्कळदां नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या वयाचें असतें! अशा माणसाला आपण निरुपयोगी समजत नाहीं. निदान त्याच्या तोंडावर तसें म्हणत नाहीं.

तिसरा आक्षेप आजार व खर्चाचा. हा खरा आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. म्हाताऱ्या कुत्र्याचे दांत किडतात, सांधे धरतात, डोळ्यांवर सारा येतो, मूत्रपिंडें थकतात. वर्षांतून दोनदां डॉक्टरांना दाखवावें लागतें, रक्त तपासावें लागतें, अन्न मऊ करून द्यावें लागतें, आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरूं नये म्हणून गोणपाट अंथरावें लागतें. ज्यांना हें झेपत नाहीं त्यांनीं कुत्रें आणूं नये. म्हातारेंहि नाहीं आणि पिल्लूंहि नाहीं. कारण आज विकत घेतलेलें पिल्लूं आठ वर्षांनीं याच अवस्थेला येणार आहे. म्हातारपणाचा खर्च नको म्हणणारा मनुष्य खरें पाहतां एवढेंच सांगत असतो कीं, ती वेळ आल्यावर मी त्याला ठेवणार नाहीं. देवळाच्या पायरीवरचीं कुत्रीं याच मनोवृत्तीचें फळ आहेत.

चवथा आक्षेप भीतीचा. कुत्र्याच्या चाव्यानें होणारा पिसाळरोग भयंकर आहे, लक्षणें दिसूं लागल्यावर त्याला बहुतेक उपाय नाहीं, आणि माणसांना होणाऱ्या या रोगाचें कारण जवळजवळ सर्वत्र कुत्रेंच असतें. ज्यांच्या घरांत या रोगानें मूल गेलें, त्यांच्यापुढें भूतदयेचें व्याख्यान झोडणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाहीं. पण भीतीचा रोख चुकतो आहे. निवारागृहांतील मोठें कुत्रें सामान्यतः निर्बीज केलेलें व लस टोंचलेलें असतें. कानाच्या कोरेला पाडलेला छेद ही निर्बीजीकरणाची खूण असते. घरीं नेल्यावर दरवर्षीं लस चालू ठेवली, तर त्याच्यापासून भय जवळजवळ राहत नाहीं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची ज्यांना खरीच भीति वाटते, त्यांनीं तर दत्तकाचा सर्वांत आधीं पुरस्कार करावयास हवा.

शेवटचा आक्षेप बीडसारख्या जिल्ह्यांत हटकून येतो, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. ‘येथें माणसें पोटासाठीं घर सोडून जातात, आणि तुम्ही कुत्र्यांचें कौतुक सांगतां!’ दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यांतून लाखो माणसें कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखांत जातात. गांवांत मागें राहतात म्हातारीं माणसें, लहान मुलें, आणि दारांतलें कुत्रें. ही वस्तुस्थिति मी रोज पाहतों, आणि म्हणूनच मला हा आक्षेप पटत नाहीं. दयेचा एकच रांजण आहे, त्यांतून कुत्र्याला तांब्याभर दिलें तर माणसाला तेवढें कमी पडेल, असें गृहीत धरून तो केलेला असतो. अनुभव उलट आहे. याच जिल्ह्यांतील शिरूर कासार तालुक्यांत दहिवंडी गांवचे शब्बीर सय्यद यांनीं शंभरांवर गाईगुरें सांभाळलीं. पुढें दूध देणार नाहीं, काम करणार नाहीं, अशा जनावरालाहि त्यांनीं खाटकाला विकलें नाहीं. त्यांचे वडील खाटिकाचा धंदा सोडून या मार्गाला लागले होते. २०१९ मध्यें सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. त्याच तालुक्यांत तागडगांवला जखमी वन्य प्राण्यांची शुश्रूषा करणारें ‘सर्पराज्ञी’ हें केंद्र सोनवणे दांपत्यानें उभें केलें. दुष्काळी मुलखांत, चाऱ्या-पाण्याची वानवा असतां, हें घडलें. तेव्हां गरिबीमुळें दया परवडत नाहीं, हें गरिबानें म्हटलें तर मी मान खालीं घालीन. पण दिवाणखान्यांत बसून, हजारों रुपयांचें विलायती पिल्लूं मांडीवर घेऊन, गरिबांच्या नांवानें तें म्हणणें मात्र शोभत नाहीं.

माझ्या वयाच्या वाचकांना एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. मुलें परदेशीं किंवा पुण्या-मुंबईस गेलीं, घर मोकळें झालें, म्हणून साठीच्या आसपास पिल्लूं आणण्याची चाल पडूं लागली आहे. या विचारांत प्रेम असेल, पण दूरदृष्टि नाहीं. बासष्टाव्या वर्षीं आणलेलें पिल्लूं तुमच्या पंचाहत्तरीपर्यंत जगेल. तेव्हां दोरी ओढणाऱ्या कुत्र्याला फिरविण्याचें बळ तुमच्या गुडघ्यांत असेल काय? आणि दुर्दैवानें तुम्हीच आधीं गेलांत, तर अंत्यविधीला चार दिवसांच्या रजेवर आलेला मुलगा त्या कुत्र्याचें काय करील? निवारागृहांतल्या कित्येक म्हाताऱ्या कुत्र्यांची कहाणी हीच असते. त्यांच्या धन्यांनीं त्यांना टाकलें नव्हतें, ते वारले होते. निवृत्त माणसानें आठ-नऊ वर्षांचें शांत कुत्रें घरीं आणावें. दोघांची चाल सारखी असते, दोघांना दुपारची झोंप लागते, आणि दोघांनाहि धांवण्यापेक्षां कोणी तरी जवळ असावें असें वाटतें.

निवारागृहें चालविणाऱ्यांनींहि आपली रीति थोडी बदलावी. म्हाताऱ्या कुत्र्याचें वय चोरूं नये, आजार झांकूं नये. तपासणीचे कागद घेणाऱ्याच्या हातीं द्यावे. दोन-तीन आठवडे घरीं ठेवून पाहण्याची मुभा द्यावी, आणि जमलें नाहीं तर अपमान न करतां परत घ्यावें. औषधाचा कांहीं भार संस्थेनें उचलला, तर ज्यांचें मन मोठें पण पेन्शन लहान आहे, अशीं घरें पुढें येतील. देणगीदारांनीं नव्या भिंतीवर आपलें नांव कोरण्याऐवजीं दहा म्हाताऱ्या कुत्र्यांच्या औषधाचा खर्च पत्करावा.

आपल्या समाजाला कुत्र्याच्या निष्ठेचें कौतुक नाहीं असें मुळींच नाहीं. रायगडावर १९३६ सालीं वाघ्याचें स्मारक बसविलें गेलें, आणि २०२५ मध्यें तो वाघ्या इतिहासांत होता कीं नाहीं, यावर केवढा वाद पेटला! त्या वादाचा निकाल पंडितांनीं द्यावा. पण दगडी कुत्र्याकरितां हमरीतुमरीवर आलेल्या दोन्ही बाजूंच्या विद्वानांपैकीं कितीकांनीं घरीं एखादें जिवंत म्हातारें कुत्रें आणलें, हें विचारण्याचा मोह मला आवरत नाहीं.

महाभारत ज्यांनीं मुळांतून वाचलें आहे, त्यांना ठाऊक असेल कीं त्या ग्रंथाच्या आरंभींहि एक कुत्रें आहे. जनमेजयाच्या भावांनीं सरमेच्या पिल्लाला कांहीं अपराध नसतां मारलें, आणि तिनें राजाला शाप दिला. शेवटीं, महाप्रस्थानांत, युधिष्ठिरामागें चालत आलेलें दुसरें कुत्रें आहे; त्याला सोडून रथांत बसण्यास त्यानें नकार दिला. या दोन कुत्र्यांमध्यें एवढें मोठें युद्ध होऊन गेलें. बायको, भाऊ, राज्य, सारें गेल्यावर युधिष्ठिराच्या धर्माची परीक्षा घेण्यास व्यासांना एक कुत्रें पुरेसें वाटलें. त्यानें पुढें किती वर्षें सोबत मिळेल असा हिशेब केला नाहीं; हें आपल्या आश्रयाला आलें आहे, एवढेंच पाहिलें.

आपली परीक्षा इतकी कठीण नाहीं. स्वर्ग सोडावयाचा नाहीं, हिमालय चढावयाचा नाहीं. पुढच्या वेळीं निवारागृहांत गेलां, तर पिल्लांच्या पिंजऱ्यापाशीं न थांबतां शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जा, आणि तेथें जें बसलें असेल त्याचें नांव विचारा. बहुधा त्याला नांव असतें. कोणीं तरी कधीं काळीं तें हौसेनें ठेवलेलें असतें.